शिधा, जहाज आणि परतीची वाट : ध्रुवीय मोहिमांचा खर्च कोण करतो, आणि माणसांना परत कोण आणतो?

१/
६ डिसेंबर १९८१. गोव्याच्या किनाऱ्यावरून 'पोलार सर्कल' नावाचे एक जहाज दक्षिणेकडे निघाले. जहाज नॉर्वेचे, भाड्याने घेतलेले. आत २१ भारतीय होते; काही शास्त्रज्ञ, काही सैन्यदलांतील. निरोपाला ना बँड होता, ना वृत्तपत्रांचे प्रतिनिधी. हे जहाज कोठे चालले आहे हे देशात मोजक्याच लोकांना ठाऊक होते. ९ जानेवारी १९८२ रोजी ही मंडळी अंटार्क्टिकाच्या बर्फावर उतरली आणि मगच भारताला कळले की आपली पहिली अंटार्क्टिका मोहीम सुरूही झाली आहे.

२/
या मोहिमेची कथा सहसा तिरंगा, बर्फ आणि पेंग्विन एवढ्यावरच संपते. पण ध्रुवीय विज्ञानाच्या इतिहासात खरे निर्णायक प्रश्न दोनच असतात आणि ते दोन्ही कमालीचे व्यावहारिक आहेत. पहिला : पैसा कोण देणार? दुसरा : गेलेल्यांना परत कोण आणणार? या दोन प्रश्नांची उत्तरे निघण्यापूर्वी ठरली नाहीत तर काय होते, हे जगाने त्याआधी शंभर वर्षे पाहिले होते. म्हणून गोव्याच्या जहाजाकडे वळण्यापूर्वी १८८१ सालात जायला हवे.

३/
विषय परका वाटेल, पण त्यामागचा हिशेब मराठी माणसाला नवा नाही. कयाधूकाठच्या नरसी नामदेवहून आषाढीला पालखी निघते, तेव्हा टाळ-मृदंगाइतकीच महत्त्वाची असते ती शिध्याची गाडी. मुक्काम कोठे, धान्य किती, आजारी पडलेल्याला कोण नेणार, हे निघण्याआधी ठरलेले असते. वारीच्या वाटेवर मात्र दर कोसावर गाव असते. शिधा कमी पडला तर कोणी ना कोणी भाकरी घेऊन उभे राहते. ध्रुवाच्या वाटेवर गाव नाही. तिथे शिध्याची गाडी चुकली, तर चुकीला दुसरी संधी नसते.

४/
१८७० च्या दशकात ऑस्ट्रियाचा नौदल अधिकारी कार्ल वायप्रेख्त याने एक क्रांतिकारक विचार मांडला. ध्रुवाकडे धावण्याची शर्यत पुरे. अनेक देशांनी ध्रुवीय प्रदेशात एकाच वेळी ठाणी उभारावीत आणि हवामान, भूचुंबकत्व, ध्रुवीय प्रकाश यांची नोंद ठरलेल्या पद्धतीने एकत्र करावी. यातूनच १८८२-८३ चे पहिले 'आंतरराष्ट्रीय ध्रुवीय वर्ष' जन्मले. स्वतः वायप्रेख्त ते पाहायला उरला नाही. १८८१ मध्येच तो वारला.

५/
या योजनेत अमेरिकेने दोन ठाणी पत्करली. त्यांतले उत्तरेकडचे होते लेडी फ्रँकलिन उपसागरात, ८१ अंशांच्याही वर. प्रमुख होता लष्कराच्या सिग्नल खात्यातील लेफ्टनंट अडॉल्फस ग्रीली. त्याच्या हाताखालच्या बहुतेकांना ध्रुवीय प्रदेशात राहण्याचा दांडगा अनुभव नव्हता. काँग्रेसने मंजूर केलेली रक्कम होती २५,००० डॉलर. त्यातले सुमारे १९,००० डॉलर 'प्रोटियस' हे जहाज भाड्याने घेण्यातच गेले. उरलेल्या पैशांत उपकरणे, कोळसा आणि २५ माणसांचा संसार.

६/
पैशाची आणखी एक काळी बाजू होती. उत्तर ध्रुवाजवळ वसाहत उभारण्याची मूळ कल्पना ज्याने वर्षानुवर्षे रेटली, तो सिग्नल खात्याचाच कॅप्टन हेन्री हाउगेट. ऑगस्ट १८८१ मध्ये, म्हणजे ग्रीली उत्तरेला पोहोचला त्याच महिन्यात, खात्याच्या पैशांच्या अपहाराबद्दल हाउगेटला अटक झाली. पुढच्या वर्षी तो पहाऱ्यातून निसटला आणि १८९४ पर्यंत सापडला नाही. राजधानीत 'ध्रुवीय मोहीम' या शब्दालाच संशयाचा वास येऊ लागला. बर्फातल्या २५ जणांना याची गंधवार्ताही नव्हती.

७/
योजना कागदावर नेटकी होती. १८८२ मध्ये एक जहाज रसद घेऊन येईल, १८८३ मध्ये दुसरे. ठाण्यापर्यंत पोहोचता आले नाही, तर वाटेतल्या किनाऱ्यांवर अन्नसाठे ठेवले जातील. दुसऱ्या वर्षीही जहाज आले नाही, तर ग्रीलीने होड्यांतून दक्षिणेकडे निघून त्या साठ्यांच्या आधाराने वाट काढावी. म्हणजे सगळी भिस्त एका गृहीतकावर : ग्रीली ज्या ठिकाणी अन्न शोधेल, तिथे ते कोणीतरी ठेवलेले असेल.

८/
१८८२ चे 'नेपच्यून' जहाज बर्फ भेदू शकले नाही. त्यावरील अधिकाऱ्याने हुकुमाचे अक्षरशः पालन केले. केप सॅबाइनजवळ २५० शिधे ठेवले आणि बाकीचा बहुतांश साठा सुखरूप परत आणला! एक शिधा म्हणजे एका माणसाचा एका दिवसाचा आहार. २५ माणसांना २५० शिधे किती दिवस पुरतील याचा हिशेब शाळकरी मुलालाही जमेल : दहा दिवस. जहाजाच्या पोटात महिनोन्‌महिने पुरेल असे अन्न होते. ते किनाऱ्यावर उतरवायला कोणाची हरकत नव्हती. फक्त तसा हुकूम नव्हता.

९/
१८८३ मध्ये पुन्हा 'प्रोटियस' निघाले. लेफ्टनंट गार्लिंग्टन प्रमुख, सोबतीला नौदलाचे 'यँटिक' हे जहाज. पण ते बर्फात शिरण्यासाठी बांधलेलेच नव्हते. २३ जुलै १८८३ रोजी केप सॅबाइनजवळ बर्फाने 'प्रोटियस'ला चिरडले. खलाशी आणि सैनिक होड्यांतून दक्षिणेकडे निघाले आणि शेवटी 'यँटिक'वर चढून घरी परतले. किनाऱ्यावर राहिले ते थोडेसेच अन्न. बातमी वॉशिंग्टनला पोहोचली ती सप्टेंबरात. युद्धमंत्री रॉबर्ट लिंकन (अब्राहम लिंकन यांचे पुत्र) आणि नौदलमंत्री चँडलर यांनी ठरवले : हंगाम संपला, यंदा आणखी जहाज नाही.

१०/
इकडे ग्रीलीच्या ठाण्यावर दोन वर्षे काम अत्यंत चोख चालले होते. तापमान, वायुभार, भरती-ओहोटी, चुंबकसूची यांच्या नोंदी अखंड होत होत्या. लॉकवुड, ब्रेनार्ड आणि ग्रीनलंडचा फ्रेडरिक क्रिस्टियनसेन हे तिघे मे १८८२ मध्ये ८३ अंश २४ मिनिटांपर्यंत पोहोचले. तोवर मनुष्य एवढ्या उत्तरेला गेल्याची नोंद नव्हती. ९ ऑगस्ट १८८३ रोजी, हुकुमाप्रमाणे, सर्व २५ जण होड्यांतून दक्षिणेला निघाले. अन्नाने भरलेले ठाणे मागे टाकून ते अन्नसाठ्यांच्या शोधात चालले होते.

११/
केप सॅबाइनला त्यांच्या हाती लागले ते काही आठवड्यांचे अन्न आणि 'प्रोटियस' बुडाल्याची चिठ्ठी. दगडांच्या भिंती आणि उलटी होडी यांचा निवारा करून त्यांनी तिथेच हिवाळा काढला. जानेवारी १८८४ मध्ये पहिला मृत्यू झाला. वसंतात माणसे एकामागून एक गेली. ८३ अंश गाठणारा लॉकवुड एप्रिलमध्ये गेला. शिल्लक अन्न वारंवार चोरणाऱ्या एका सैनिकाला ६ जून रोजी ग्रीलीच्या लेखी हुकुमावरून गोळी घालण्यात आली. तरीही हवामानाच्या नोंदी थांबल्या नव्हत्या.

१२/
वॉशिंग्टनमध्ये मोहीम जवळजवळ विसरली गेली असती, ती जिवंत ठेवली एका स्त्रीने. ग्रीलीची पत्नी हेन्रिएटा हिने वृत्तपत्रे, काँग्रेसचे सदस्य आणि अधिकारी यांच्यामागे अखंड पत्रांचा लकडा लावला. अखेर फेब्रुवारी १८८४ मध्ये सुटकेचा कायदा झाला. 'थेटिस' आणि 'बेअर' ही बर्फाला तोंड देणारी जहाजे विकत घेतली गेली. ब्रिटनने 'अलर्ट' भेट म्हणून दिले. मोहिमेला प्रथम शोधून काढणाऱ्या जहाजाला २५,००० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. हा योगायोग लक्षात घेण्याजोगा आहे. जेवढी रक्कम पूर्ण मोहिमेसाठी दिली होती, तेवढीच आता फक्त तिचा पत्ता लावणाऱ्याला द्यायची तयारी होती.

१३/
२२ जून १८८४ रोजी कमांडर श्ली यांच्या माणसांना कोसळलेला तंबू सापडला. आत सात जण जिवंत होते. त्यांतील एक परतीच्या वाटेवर दगावला. २५ पैकी घरी पोहोचले सहा. त्यांच्यासोबत तीन वर्षांच्या नोंदी आणि गुरुत्वाकर्षण मोजण्याचा एक जड लंबकही परत आला; उपासमारीतही त्यांनी तो टाकून दिला नव्हता. विज्ञान वाचले, माणसे गेली. आणि ती हिमवादळाने नव्हे, तर हिशेबाने गेली : जाण्याचा खर्च मंजूर झाला होता, परत आणण्याचा खर्च दरवर्षी नव्याने मागावा लागत होता.

१४/
आता पुन्हा भारताकडे. १९५६ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत अंटार्क्टिकाचा प्रश्न मांडला : हा खंड शांततेसाठीच वापरला जावा. १९५८ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. दोन्ही वेळा चर्चा झालीच नाही. १ डिसेंबर १९५९ रोजी बारा देशांनी वॉशिंग्टनमध्ये अंटार्क्टिका करार केला. त्या बारांत भारत नव्हता. करारात नंतर येणाऱ्यांसाठी एक अट होती. निर्णयात मत हवे असेल, तर त्या देशाने तिथे भरीव वैज्ञानिक संशोधन करून दाखवले पाहिजे. ठाणे उभारावे किंवा मोहीम पाठवावी. थोडक्यात, मताची किंमत विज्ञानाच्या चलनात मोजायची होती.

१५/
त्याआधी भारतीय तिथे गेले नव्हते असे नाही. नौदलाचे लेफ्टनंट राम चरण १९६० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मोहिमेसोबत गेले. परमजितसिंग सेहरा यांनी १९७१ ते १९७३ या काळात सोव्हिएत मोहिमेसोबत तिथला हिवाळा अनुभवला. पण जहाज दुसऱ्याचे, ठाणे दुसऱ्याचे, रसद दुसऱ्याची. पाहुण्याला पंगतीत जागा मिळते, वाढण्याचा अधिकार मिळत नाही.

१६/
१९८१ च्या जुलैत केंद्र सरकारने महासागर विकास विभाग स्थापन केला. तो थेट पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या अखत्यारीत होता. मोहिमेची जबाबदारी आली गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्याकडे. पैसा एका ठरलेल्या सरकारी विभागाचा, निर्णय सर्वोच्च पातळीवरचा. हाउगेटसारख्या मध्यस्थाला किंवा दरवर्षीच्या याचनेला वाव नव्हता. 'गरीब देशाला हे परवडते का' हा प्रश्न अर्थातच उभा राहिला. त्याचे उत्तर करारात होते : तीस वर्षे पूर्ण झाली की १९९१ पासून कराराच्या फेरविचाराची मागणी करता येणार होती, खनिजांविषयी वाटाघाटी सुरू होत होत्या, आणि नंतर येणाऱ्यांपैकी ज्यांचे तिथे संशोधन नाही त्यांना मत नव्हते.

१७/
भारताकडे बर्फ फोडणारे जहाज नव्हते. ते बांधण्याची वाट पाहण्याऐवजी सराईत नॉर्वेजियन जहाज खलाशांसह भाड्याने घेतले गेले. सोबत हेलिकॉप्टरे. पहिली मोहीम अवघी ७७ दिवसांची. २१ फेब्रुवारी १९८२ ला सर्व जण गोव्यात परत. बर्फावरचा मुक्काम थोड्या दिवसांचा, कोणालाही हिवाळ्यात मागे ठेवले नाही. दुसऱ्या मोहिमेत, भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांच्या नेतृत्वाखाली, हेच पुन्हा केले : जाणे, पाहणी करणे, परतणे. ग्रीलीच्या २५ जणांना पहिल्याच फेरीत दोन हिवाळ्यांसाठी सोडले होते. भारताने आधी परतीची वाट दोनदा चालून पाहिली.

१८/
तिसरी मोहीम मोठी होती. डिसेंबर १९८३ मध्ये डॉ. हर्ष गुप्ता यांच्या नेतृत्वाखाली ऐंशीहून अधिक जण फिनलंडच्या 'फिनपोलारिस' जहाजातून निघाले. याच वर्षी १२ सप्टेंबरला भारताला करारात मताधिकार मिळाला होता. आता त्याला साजेसे ठाणे हवे होते. एकाच दक्षिणी उन्हाळ्यात, काही आठवड्यांत, सैन्याच्या अभियंत्यांनी सुट्या भागांतून 'दक्षिण गंगोत्री' उभी केली. मार्च १९८४ मध्ये जहाज परतले, तेव्हा लेफ्टनंट कर्नल सत्य स्वरूप शर्मा यांच्यासह बारा जण मागे राहिले. आपल्या ठाण्यावर हिवाळा काढणारी ही पहिली भारतीय तुकडी.

१९/
याच मोहिमेत दोन स्त्रिया होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर पाऊल ठेवणाऱ्या पहिल्या स्त्रिया. जादवपूर विद्यापीठाच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता आणि नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंतप्रतिनिधी घराण्यातील सागरशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत. पुण्यात पदवी, हवाई आणि लंडन येथे पुढचे शिक्षण आणि मग गोव्याची समुद्रविज्ञान संस्था असा अदिती पंत यांचा प्रवास. दक्षिणी महासागरातील सूक्ष्म वनस्पती आणि अन्नसाखळी हा त्यांचा अभ्यासविषय. पुढे पाचव्या मोहिमेतही त्या गेल्या. १९८६-८७ च्या सहाव्या मोहिमेचे नेतृत्व गोव्याच्याच संस्थेतील डॉ. ए. एच. परुळेकर यांनी केले.

२०/
मागे राहिलेल्या बारा जणांकडे काय होते? इंधन, अन्न, औषधे, बिनतारी संपर्क. आणि या सर्वांहून मोठी एक गोष्ट : पुढच्या डिसेंबरात जहाज येणार ही खात्री. कारण चौथी मोहीम ही वेगळी 'सुटका' नव्हती. ती ठरलेल्या क्रमातली पुढची पायरी होती. दरवर्षी नवी तुकडी येते, जुनीकडून ठाण्याचा ताबा घेते, रसद उतरवते, आणि जुनी तुकडी त्याच जहाजाने घरी जाते. ग्रीलीच्या काळी सुटका हा अपवाद होता. इथे ती वेळापत्रकाचा भाग झाली. हेन्रिएटा ग्रीलीसारखे कोणाला दारोदार पत्रे लिहीत फिरावे लागले नाही.

२१/
याचा अर्थ धोका संपला असा नाही. 'दक्षिण गंगोत्री' समुद्रावर पुढे आलेल्या हिमस्तरावर होती. साचत जाणाऱ्या बर्फाने ती हळूहळू गाडली गेली आणि १९९० मध्ये तिचा वापर थांबला. जानेवारी १९९० मध्येच नवव्या मोहिमेतील चार सदस्यांचा डोंगराळ भागातील तंबूत विषारी वायूने मृत्यू झाला. जहाज वेळेवर येणे एवढ्याने सर्व काही साधत नाही, हा धडा फार महागात मिळाला.

२२/
तोवर नवे ठाणे तयार होते. 'मैत्री' शिर्माखर टेकड्यांच्या उघड्या खडकावर उभारले गेले. जवळच गोड्या पाण्याचे 'प्रियदर्शिनी' तळे. खडक बर्फासारखा सरकत वा गाडत नाही. पण ते किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत असल्याने रसदीची वाट लांबली : जहाज बर्फाच्या कड्याला लागायचे आणि पुढे हेलिकॉप्टर व बर्फावर चालणारी वाहने. प्रत्येक सोयीची किंमत शिध्याच्या गाडीला मोजावी लागते.

२३/
ग्रीलीचे लोक मरणाच्या दारातही ज्या चुंबकीय आणि हवामानाच्या नोंदी सांभाळत होते, तशाच नोंदी आज मैत्रीवर होतात. भूचुंबकाचे काम पाहते ती पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था. तिचा वारसा कुलाब्याच्या वेधशाळेपर्यंत जातो. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय नोंदींचे काम अलिबागला हलवले गेले. वायप्रेख्तचे स्वप्न होते की अनेक ठिकाणच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात. अलिबागची वही आणि मैत्रीची वही शेजारी ठेवता येते, हे त्या स्वप्नाचेच मराठी किनाऱ्यावरचे रूप आहे.

२४/
२०१२ मध्ये 'भारती' हे आणखी एक ठाणे सुरू झाले. मोहिमांचे नियोजन वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र करते. चाळीसहून अधिक मोहिमा झाल्या. त्यांच्या बातम्यांत शोधांचे मथळे असतात. इंधनाचे पिंप, जहाजाचा करार, तुकडी बदलण्याची तारीख यांना जागा नसते. पण इतिहास वाचताना नजर तिथेही जायला हवी.

२५/
१८८२ च्या त्या जहाजावरून महिन्यांचे अन्न सुरक्षित परत आले आणि हिशेबाच्या वहीत ते 'बचत' म्हणून नोंदले गेले असेल. दोन वर्षांनी त्या बचतीची किंमत केप सॅबाइनच्या वाळूत पुरलेली सापडली. शंभर वर्षांनी गोव्याहून निघालेल्या जहाजाने पहिला विक्रम केला तो हाच : गेलेले सर्व २१ जण ७७ दिवसांनी त्याच किनाऱ्यावर उतरले. कोणत्याही मोहिमेचा खर्च मंजूर करताना एकच प्रश्न आधी विचारावा. परतीचे भाडे यात धरले आहे का?